मॉडेल विमानासाठी मोटर, प्रॉपेलर आणि बॅटरी यांचा मेळ कसा घालावा

विजेवर उडणारे मॉडेल विमान बांधायला घेतले की बहुतेकांचा पहिला प्रश्न "मोटर कोणती घेऊ?" असा असतो, आणि गोंधळाची सुरुवातही तिथेच होते. मोटर किती अँपिअर घेईल हे मोटर ठरवत नाही, ते प्रॉपेलर ठरवतो. दांड्यावर बसवलेला प्रॉपेलर फिरवायला जेवढी शक्ती लागेल तेवढी मोटर बॅटरीकडून ओढत राहते आणि ती ओढताना स्वतःचे वेटोळे जळेल की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) जळेल याची तिला काहीच पर्वा नसते. म्हणून निवडीची सुरुवात दुकानाच्या यादीपासून न करता विमानापासून करावी. विमानाच्या वजनावरून वॉट, पंखांच्या क्षेत्रफळावरून वेग, या दोहोंवरून प्रॉपेलर, प्रॉपेलरवरून मोटर व सेलची संख्या आणि सर्वांत शेवटी ईएससी व बॅटरी, असा हा क्रम आहे. सांगली-साताऱ्याकडे हा क्रम पाळण्याला आणखी एक कारण आहे. इथे एकाच जिल्ह्यात उसाच्या फडांनी वेढलेली नदीकाठची सपाट शिवारे आहेत आणि पवनचक्क्या फिरवणारा वारा असलेली पठारेही आहेत. त्यामुळे एका जागी उत्तम उडणारी जोडणी दुसऱ्या जागी अपुरी पडते.

वजन आणि वॉट

येथे वजन म्हणजे उड्डाणाला तयार असलेल्या, बॅटरीसह विमानाचे वजन. विमान अजून बांधून झाले नसेल तर सांगाडा, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा भाग), मोटर, ईएससी आणि बॅटरी यांच्या अंदाजी वजनांची बेरीज करून तीत दहा टक्के मिळवावेत, कारण डिंक, टेप आणि तारा यांचे वजन कोणीच धरत नाही आणि ते नेहमीच भरते. दर किलोग्रॅममागे बॅटरीतून घेतली जाणारी शक्ती मोजण्याचा प्रघात आहे. मोटर असलेल्या ग्लायडरला ७० ते १०० वॉट पुरतात, शिकाऊ विमानाला १०० ते १५० वॉट लागतात, लूप व रोल सहज मारणाऱ्या विमानाला १५० ते २२० वॉट हवेत आणि नाक वर करून हवेत लटकणाऱ्या थ्रीडी विमानाला ३०० वॉटच्या पुढे जावे लागते. हे आकडे अनुभवातून आलेले आहेत, नियम नव्हेत. तरी सुरुवात म्हणून ते क्वचितच फसवतात.

पुढे सर्वत्र एकच उदाहरण घेऊ. पंख वर असलेले शिकाऊ विमान, पंखांची लांबी १.४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ ३५ चौरस डेसिमीटर आणि एकूण वजन १.२ किलोग्रॅम. किलोमागे सुमारे १३० वॉट धरले तर साधारण १६० वॉट हवेत. शक्ती जास्त असली तर बिघडते काय, असे नवख्यांना वाटते. जास्त शक्तीसाठी जड मोटर येते, जड मोटरला मोठी बॅटरी येते, त्यांनी विमान जड होते आणि जड विमान वेगात उतरते. शिकणाऱ्याचे विमान मोडते ते बहुधा उतरतानाच. शिवाय ड्रोन नियम २०२१ नुसार हरित क्षेत्रातही (जिथे आगाऊ परवानगी लागत नाही तिथेही) साधारणपणे ४०० फुटांची मर्यादा आहे आणि आपले हे १६० वॉटचे विमानसुद्धा पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मोटर पूर्ण जोराने चालवून, ती उंची अर्ध्या मिनिटाच्या आत गाठू शकते. कराडजवळ विमानतळ असल्याने त्या भागात उडवणाऱ्यांनी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा आधी पाहणे आवश्यक आहे.

वेग आणि प्रॉपेलर

विमान किती हळू उडू शकते हे आधी काढावे. वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याला पंखांच्या चौरस डेसिमीटरने भागावे, येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.६ ने गुणावे. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, ताशी किलोमीटरमध्ये अंदाजे मिळतो. हा गुणक आपल्याकडच्या हवेची घनता आणि साध्या शिकाऊ विमानाचा पंख धरून काढलेला आहे. आपल्या उदाहरणात १२०० भागिले ३५ म्हणजे सुमारे ३४, त्याचे वर्गमूळ ५.८ आणि वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर.

प्रॉपेलरवर १०×६ असे दोन आकडे असतात. पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे प्रॉपेलर अजिबात न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. मिनिटाचे फेरे गुणिले पिच गुणिले ०.००१५ केले की पिचचा वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. हा वेग स्टॉलच्या वेगाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर विमान जमिनीवर धरल्यावर जोरात ओढते पण हवेत गेल्यावर रडतखडत उडते, आणि तो तिपटीच्या बराच वर गेला तर शिकाऊ विमानासाठी शक्ती वाया जाते. अडीचपट हा मधला मार्ग. आपल्या विमानाला म्हणून ताशी ६७ ते ७० किलोमीटरचा पिचचा वेग हवा.

आता व्यासाकडे. समान फेऱ्यांवर प्रॉपेलरला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, पिचच्या साध्या प्रमाणात वाढते आणि फेरे वाढवले तर फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या एका वाक्यात सगळे सामावलेले आहे, म्हणून त्याचा अर्थ सावकाश पाहावा. दहा इंचाऐवजी अकरा इंचाचा प्रॉपेलर लावला तर तेवढेच फेरे राखण्यासाठी ४६ टक्के जास्त शक्ती लागते. प्रत्यक्षात फेरे थोडे उतरतात, तरीही प्रवाह चौथाई ते तिसऱ्या हिश्शाने वाढतोच. "एकच इंच तर वाढवला" असे म्हणत ईएससी जाळणारे जे असतात त्यांचे गणित येथे चुकलेले असते.

तेच १६०-१८० वॉट दोन रीतींनी खर्च करता येतात. १०×६ प्रॉपेलर ७९०० फेऱ्यांवर फिरवला तर पिचचा वेग ताशी ७१ किलोमीटर आणि जागेवरची ओढ सुमारे ८०० ग्रॅम मिळते. ६×४ प्रॉपेलर १८,३०० फेऱ्यांवर फिरवला तर शक्ती जवळपास तेवढीच लागते, पिचचा वेग ताशी ११० किलोमीटरपर्यंत जातो, पण ओढ साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास उरते. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये नांगर ओढतो आणि वरच्या गिअरमध्ये रस्त्याने पळतो, इंजिन मात्र तेच असते; तसाच हा प्रकार आहे. शेपूट नसलेल्या चपळ फ्लाइंग विंगला दुसरी रीत शोभते, आपल्या शिकाऊ विमानाला पहिली.

येथे जागेचा प्रश्न येतो. आष्टा, तासगाव किंवा मिरजेच्या शिवारात मोकळा मिळतो तो बहुधा एखादा कापणी झालेला पट्टा, आणि त्याच्या चहूबाजूंनी पुरुषभर उंचीहून वर गेलेला ऊस असतो. तिथे थोड्या अंतरात वर चढणे महत्त्वाचे, वेग दुय्यम. अशा ठिकाणी १०×६ काढून ११×४ लावावा. शक्तीचे सूत्र लावून पाहिले तर दोघांची भूक जवळपास सारखी येते, म्हणून मोटर आणि ईएससी तेच चालतात. ओढ वाढते आणि पिचचा वेग ताशी ४७ किलोमीटरवर येतो. तो वर सांगितलेल्या दुपटीच्या खाली आहे, पण इथे चढच महत्त्वाचा असल्याने चालतो. हाच ११×४ घेऊन चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या बाजूच्या पठारावर गेलात तर पंचाईत होते. तिथे पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून असताना पिचचा वेग ४७ असलेले विमान जागच्या जागी डोलत राहते आणि मागे वाहत गेले तर परत येत नाही. पठारावर १०×६ किंवा १०×७ हवा. दोन्ही प्रकारचे प्रॉपेलर पेटीत ठेवावेत. त्यांची किंमत मोटरच्या तुलनेत नगण्य असते. कासच्या पठारासारख्या संरक्षित जागा मात्र या विचारातून पूर्णपणे वगळाव्यात.

प्रॉपेलरच्या जातीकडेही पाहावे. स्लो फ्लायर म्हणून मिळणारे पातळ, रुंद पात्यांचे प्रॉपेलर कमी फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. एपीसी या प्रॉपेलर बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यासाठी ६५,००० भागिले व्यास अशी फेऱ्यांची मर्यादा दिली आहे, म्हणजे दहा इंचाला ६५०० फेरे. आपल्या ७९०० फेऱ्यांच्या जोडणीवर ते लावणे धोक्याचे आहे; पाते तुटून उडाले तर ते कोणाच्याही डोळ्यात जाऊ शकते.

मोटर, केव्ही आणि सेल

केव्ही हा आकडा म्हणजे शक्ती नव्हे. एका व्होल्टला, भार नसताना, मोटर मिनिटाला किती फेरे घेईल एवढेच तो सांगतो. लिपो (लिथियम पॉलिमर) सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट आणि भाराखाली साधारण ३.६ व्होल्ट. तीन सेलची बॅटरी, म्हणजे ३एस, भाराखाली १०.८ व्होल्ट देते असे धरावे. प्रॉपेलर लावल्यावर मोटरचे फेरे केव्ही गुणिले दाब या संख्येच्या ७५ ते ८० टक्के राहिले तर जोडणी समतोल समजावी. त्याहून बरेच कमी राहिले तर प्रॉपेलर मोटरला जड होतो आहे आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन वेटोळ्यात साठते आहे.

आपल्याला ७९०० फेरे हवेत. ७९०० ला ०.७७ ने भागून पुन्हा १०.८ ने भागले की ९५० केव्ही येते. १०×६ प्रॉपेलर या फेऱ्यांवर साधारण १३० वॉट दांड्यावर मागतो आणि मोटरची कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर बॅटरीतून १६५ ते १७० वॉट जातात. म्हणजे १५.५ अँपिअर. विमानाच्या वजनावरून काढलेल्या १६० वॉटशी हे जुळते. जुळले नसते तर पिच किंवा व्यास एकेक पायरी कमीजास्त करून गणित पुन्हा मांडायचे होते.

मोटर किती मोठी हवी, याला सर्वांत भरवशाचे माप तिचे वजन आहे. बाहेरचे कवच फिरणारी ब्रशलेस मोटर, जिला आउटरनर म्हणतात, ती दर ग्रॅमला सुमारे ३ वॉट सतत सोसते. वारा नीट लागत असेल तर थोडे अधिक. १६५ वॉटला म्हणून किमान ५५ ग्रॅमची मोटर हवी. सर्वत्र स्वस्तात मिळणारी २२१२ आकाराची मोटर पन्नास ग्रॅमच्या आसपास असते आणि या विमानाला ती काठावर पडते. २२१७ सारखी, सत्तरेक ग्रॅमची मोटर माझ्या मते योग्य. या चार आकड्यांत पहिले दोन स्टेटरचा, म्हणजे मोटरच्या आतल्या स्थिर गाभ्याचा, व्यास आणि पुढचे दोन त्याची उंची मिलिमीटरमध्ये दाखवतात. काही उत्पादक मात्र बाहेरच्या कवचाचे माप छापतात आणि त्यामुळे २८३६ लिहिलेली मोटर २२१२ च्याच कुळातली निघते. वजन विचारले की हा घोळ उरत नाही.

सेल वाढवून वेग मिळवण्याचा मोह सर्वांत घातक आहे. तोच प्रॉपेलर आणि तीच मोटर ठेवून ३एस जागी ४एस लावली तर दाब एक तृतीयांशाने वाढतो, फेरे जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढतात आणि शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढत असल्यामुळे दुपटीच्या वर जाते. १६५ वॉटची जोडणी साडेतीनशे वॉटला पोहोचते आणि आपली सत्तर ग्रॅमची मोटर पहिल्याच चढात वास सोडते. ४एस वापरायचीच असेल तर केव्ही त्याच प्रमाणात उतरवून ७०० च्या आसपासची मोटर घ्यावी. मग प्रॉपेलर तोच राहतो, शक्ती तीच राहते आणि प्रवाह कमी होऊन तारा व ईएससी थंड राहतात.

अर्ध्या थ्रॉटलवरच उडवीन म्हणून मोठा प्रॉपेलर लावणेही योग्य नाही. ईएससी थ्रॉटल कमी करतो म्हणजे दाब कमी करत नाही, तो पूर्ण दाबाची सतत उघडझाप करतो, आणि भार जड असेल तर त्या उघडझापीतच त्याचे ट्रान्झिस्टर तापतात.

ईएससी आणि बॅटरी

ईएससी मोजलेल्या प्रवाहापेक्षा ३० टक्के मोठा घ्यावा. १५.५ चे २० होतात, म्हणून ३० अँपिअरचा घेतल्यास निश्चिंती. त्याच्यातील बीईसी, म्हणजे बॅटरीचा दाब उतरवणारा भाग, सर्व्हो आणि रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवतो. तो साध्या लिनिअर प्रकारचा असेल तर ४एस वर चार सर्व्होंचा भार त्याला झेपत नाही, तिथे स्विचिंग प्रकारचा बीईसी हवा. तारा लांबवायच्या झाल्यास मोटर आणि ईएससी यांच्यामधल्या लांबवाव्यात, बॅटरीकडच्या नव्हेत, कारण बॅटरीकडची लांब तार ईएससीच्या कपॅसिटरवर ताण आणते. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारा आपसांत बदलाव्यात.

बॅटरीची क्षमता उड्डाणाच्या वेळेवरून ठरते. २२०० मिलिअँपिअर-तासांची ३एस बॅटरी घेतली आणि तिचे ८० टक्केच वापरायचे ठरवले तर १७६० मिलिअँपिअर-तास हाती येतात. पूर्ण थ्रॉटलवर ते पावणेसात मिनिटे पुरतील. सरासरी निम्मा प्रवाह धरला तर तेरा मिनिटांच्या वर. पहिल्या दिवशी घड्याळ सात मिनिटांवर लावावे, उतरल्यावर चार्जरने किती मिलिअँपिअर-तास परत भरले ते पाहावे आणि त्यावरून वेळ वाढवावी. बॅटरीवर छापलेला सी हा आकडा क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येतो ते सांगतो, पण छापील आकड्याच्या निम्माच खरा धरणे शहाणपणाचे. आपल्याला १५.५ भागिले २.२ म्हणजे जेमतेम ७ सी लागतात, तेव्हा २५ सीची साधी बॅटरी पुरेशी आहे. ६० सीच्या जड बॅटरीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. चार्जिंग १ सीने, म्हणजे २.२ अँपिअरने करावे. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवावी. सांगलीच्या मे महिन्यात बंद गाडीत लिपो विसरू नये, आणि साताऱ्याच्या थंडीत पहाटे उडवताना बॅटरी आधी खिशात ठेवून कोमट करावी, कारण थंड लिपोचा अंतर्गत रोध वाढतो आणि तिचा दाब भाराखाली कोसळतो.

मोजणी

वर केलेले सगळे हिशेब वॉटमीटर लावेपर्यंत अंदाजच असतात. वॉटमीटर बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये जोडावा, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, विमान दुसऱ्या कोणी मागून घट्ट धरलेले असावे आणि प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. थ्रॉटल हळूहळू पूर्ण करून दहा सेकंदांत अँपिअर, व्होल्ट आणि वॉट लिहून घ्यावेत. अँपिअर मोटर किंवा ईएससी यांच्या मर्यादेच्या वर गेले तर पिच एक इंचाने उतरवावा, तेवढ्याने भागले नाही तर व्यास उतरवावा. ताज्या बॅटरीचा दाब सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली गेला तर दोष प्रॉपेलरचा नसून बॅटरीचा आहे, ती थकली आहे किंवा मुळातच लहान आहे. हवेत गेल्यावर प्रॉपेलरवरचा भार हलका होऊन प्रवाह जमिनीवरच्यापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे जमिनीवर जी जोडणी सुरक्षित ठरली ती हवेत सहसा सुरक्षितच राहते. उतरल्याबरोबर मोटरला बोट लावून पाहावे. दोन-तीन सेकंदही बोट टेकवत नसेल तर मोटर जास्त तापते आहे. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची कमी होऊ लागते आणि अशी मोटर पुढे त्याच प्रॉपेलरला जास्त प्रवाह घेत राहते.

विमान उसात पडले तर धावत सुटण्याआधी थ्रॉटल शून्यावर आणावा. पाचटात अडकलेला प्रॉपेलर फिरू शकत नाही आणि पूर्ण दाबाखाली अडकलेली मोटर काही सेकंदांत ईएससीसह जळते.

उंची बदलली की मोजणी पुन्हा करावी. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. हिवाळ्यातील सकाळी सांगलीत हवेची घनता घनमीटरला १.१५ किलोग्रॅमच्या जवळ असते, पाचगणीच्या उंचीवर २५ अंश तापमानाला ती १.०१ पर्यंत उतरते. वर गेल्यावर तोच प्रॉपेलर कमी प्रवाह घेतो, कमी ओढ देतो आणि विमानाचा स्टॉलचा वेग सहा-सात टक्क्यांनी वाढतो. तिथे एक इंच जास्त पिच लावून ती तूट बरीच भरून काढता येते. मात्र वर मोजून बसवलेला तो प्रॉपेलर तसाच ठेवून विमान खाली कृष्णाकाठी आणले तर दाट हवेत तो दहा टक्क्यांहून अधिक भार मागतो, म्हणून खाली आल्यावर उड्डाणाआधी मूळचा प्रॉपेलर परत लावावा किंवा वॉटमीटर पुन्हा जोडावा.